‘पॉवर वाढवायला दिली, कमी करून परत मिळाली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की ट्विन-स्पार्क (एका सिलिंडरला दोन प्लग असलेल्या) बाइकचं इग्निशन तुम्हाला आणखी जोरदार करून हवं होतं, पण आम्ही रेसिंग सीडीआय (स्पार्क कधी द्यायचा ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि मोठी कॉइल (प्लगसाठी जास्त व्होल्टेज बनवणारा भाग) काढून मूळचेच भाग परत बसवले. आता प्रत्येक गिअरमध्ये गाडी लवकर अडते, आणि तासाभराच्या कामासाठी आम्ही ती अडकवून ठेवली. ‘मॉडिफिकेशन जमत नसेल तर सरळ सांगा,’ असंही तुम्ही लिहिलंय. हीच जोडणी करून घ्यायच्या विचारात असलेले इतरही हा रिव्ह्यू वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी आणली तेव्हाची तुमची तक्रार आठवा. चढावर, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण पिळला की इंजिनातून टणटण आवाज येत होता. तो नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधलं काही मिश्रण आपोआप भडकल्याचा आवाज. दोन्ही प्लग काढून आम्ही तुम्हाला भिंगाखाली दाखवले होते. मधल्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके होते आणि त्यांच्यात दिव्याखाली चमकणारे अगदी बारीक कण. ते कण पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात. पिस्टन झिजून प्लगवर येऊन बसायला लागला असताना त्याच इंजिनाला आणखी जोर लावायचं काम आम्ही हातात घेणार नाही, कोणीही सांगितलं तरी. मूळचे भाग परत बसवायच्या आधी तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही हो म्हणालात, तेव्हाच पाना हातात घेतला.

आता नॉकिंग का होत होतं ते सांगतो. सिलिंडरमध्ये एकच प्लग असेल तर आग एका टोकाला पेटते आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. त्यासाठी पिस्टन वर पोचायच्या बराच आधी स्पार्क द्यावा लागतो. यालाच आपण अ‍ॅडव्हान्स म्हणतो. दोन प्लग असले की आग दोन्हीकडून पेटते, अंतर वाटून जातं, सगळं मिश्रण लवकर जळतं. म्हणून अशा इंजिनाला अ‍ॅडव्हान्स कमी लागतो. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सर इंजिनांच्या हेडमध्ये दुसरा प्लग बसवून घेणारे लोक टायमिंग काही डिग्री मागे घेतात ते याचसाठी. तुमच्या रेसिंग सीडीआयमधला टायमिंगचा कर्व्ह (कोणत्या आरपीएमला स्पार्क किती आधी द्यायचा याचा आराखडा) मात्र एका प्लगच्या इंजिनासारखा होता. आयडलला टाइम लाइट (स्पार्कबरोबर चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावला तर खूण जागेवर दिसायची, त्यामुळे आधी कुणाला शंका आली नसावी. आरपीएम वाढवले की खूण सहा डिग्रीच्या आसपास पुढे पळायची. सहा डिग्री ऐकायला किरकोळ वाटतात. 6000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 36 डिग्री फिरतो, म्हणजे हा फरक सेकंदाच्या सहा हजाराव्या भागाएवढा. पण तेवढ्यानेही दाब पिस्टन अजून वर येत असतानाच चढतो आणि त्याच्याच डोक्यावर बसतो.

कॉइलचं वेगळंच होतं. मल्टिमीटरवर तिची प्रायमरी (आतलं पहिलं वेटोळं) तीन ओहमच्या आसपास आली. अशी कॉइल ट्रान्झिस्टर इग्निशनसाठी (बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून सोडून मध्येच तोडणाऱ्या) असते. सीडीआय कपॅसिटरमधला 200 ते 400 व्होल्टचा साठा एका झटक्यात कॉइलमध्ये सोडतो, त्याला सहसा एक ओहमच्या आतली प्रायमरी लागते. कॉइल आकाराने मोठी आहे म्हणून स्पार्क मोठा, असं होत नाही. शिवाय ती दोन तोंडांची कॉइल होती. तिच्यात दोन्ही प्लग एकाच वाटेवर येतात, एक कॅप सैल झाली की दोन्ही स्पार्क जाऊ शकतात. तुमच्या गाडीला मुळात दोन वेगळ्या कॉइल होत्या. एक गेली तरी गाडी कशीबशी घरी येते, ती सोय त्या कामात गेली होती.

गाडी लवकर अडते हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. रेसिंग सीडीआयला रेव्ह लिमिटर (ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन जाऊ न देणारी सोय) नव्हता, आता मूळचा लिमिटर परत आलाय, म्हणून गिअर लवकर टाकावा लागतो. हलक्या थ्रॉटलवर जादा अ‍ॅडव्हान्सने गाडी तरतरीत वाटते हेही खरं. भार आला की तोच अ‍ॅडव्हान्स इंजिन खातो.

वेळेबद्दल: आधी ज्याने काम केलं त्याने कपलर कापून वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळली होती. ते सगळं सोल्डर करून, नवा कपलर लावून, वेगवेगळ्या आरपीएमला टायमिंग तपासून मगच गाडी दिली. घाईत देण्यासारखं काम नव्हतं.

दुसरा प्लग बंद करून बघा, ही तुमची सूचनाही आम्ही नाकारली. छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो (स्पार्कची वीज स्वतः बनवणारी यंत्रं) असतात. उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करतो, तेव्हा आरपीएम थोडे पडतात. ती क्षणभराची तपासणी असते. दोन प्लगच्या टायमिंगवर एकाच प्लगने रोज गाडी चालवली तर जळणं उशिरा होतं, सायलेन्सर तापतो, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जातात. आणि नुसती कॅप काढून लोंबत ठेवू नका, कॉइल आतून फुटू शकते. इरिडियम प्लग हवे असतील तर जरूर लावा, ते जास्त टिकतात, पण चांगल्या साध्या प्लगपेक्षा पॉवर वाढेल अशी आशा धरू नका.

मॉडिफिकेशनला आमचा विरोध नाही. ज्याचा कर्व्ह आपल्याला बदलता येतो असा सीडीआय घ्या, त्याला जुळणाऱ्या कॉइल घ्या, आणि डायनोवर (चाकावर भार देऊन पॉवर मोजणारं यंत्र), भाराखाली, नॉकिंग ऐकत डिग्री-डिग्रीने टायमिंग ठरवू. फायदा मोजण्याइतका झाला तर ठेवू, नाहीतर परत मूळ कर्व्हवर येऊ. त्याआधी कॉम्प्रेशन तपासावं लागेल, कारण त्या पिस्टनने किती सोसलंय ते कळल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

टायमिंग परत बघायचं असेल तर या, तुमच्यासमोर टाइम लाइट लावतो, त्याचे पैसे घेणार नाही. काढलेला सीडीआय आणि कॉइल सोबत आणा, दोन्हींचा फरक तुम्हालाच दाखवतो. गाडी काही तास उभी असलेली, थंड आणा. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे जाऊ शकतात.