180 रुपये कमी

आज रात्री दादरला एका फरसाणाच्या दुकानात शटर अर्धं खाली आलं होतं. काउंटरवरची पोरगी गल्ला मोजत होती. 180 रुपये कमी. तिने पुन्हा मोजला, पुन्हा 180च. मग पर्स उघडून शंभराची एक, पन्नासाची एक आणि दहाच्या तीन नोटा गल्ल्यात टाकल्या आणि वहीत लिहिलं, 'हिशेब बरोबर'. शेठ कौतुकाने म्हणाले, "बघा, किती प्रामाणिक मुलगी आहे!" रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या.

घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

पोरीची दानत चांगली आहे, त्यात शंकाच नाही. पण वहीत जे लिहिलं गेलं ते खोटं आहे. हिशेब बरोबर नव्हता. आणि तो का चुकला, हे आता कुणी शोधणारही नाही.

ज्यांनी गल्ला सांभाळलाय त्यांना विचारा, 180 हा आकडा किती बोलका असतो. त्याला 9 ने भाग जातो. फरकाला 9 ने भाग गेला की पहिला संशय उलट्या अंकांवर घ्यायचा. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक 9 च्याच पटीत येतो. 240 चं बिल 420 लिहिलं गेलं, गल्ला 180 ने कमी. दुसरा संशय शून्यावर. सुट्टे म्हणून 20 द्यायचे आणि गेली 200 ची नोट. 2017 ची दोनशेची नोट पिवळी, 2019 पासूनची विसाची हिरवट पिवळी. गर्दीच्या वेळी हात चुकतो, गुन्हा नाही तो. तिसरा संशय फरकाच्या निम्म्यावर: 90. पाववाल्याला गल्ल्यातून 90 दिले आणि खर्चाच्या (नावे) बाजूऐवजी जमेच्या बाजूला लिहिले, की बरोबर दुप्पट फरक.

तीन दरवाजे होते. पर्समधून पैसे पडले आणि तिन्ही बंद झाले. उद्या एखादं गिऱ्हाईक खरोखर दोनशेची नोट परत घेऊन आलं, तर गल्ला 180 ने जास्त भरेल. मग ते पैसे कुणाचे?

राग पोरीवर नाहीये माझा. शेठवर आहे. गल्ला कमी भरला की मुकाट्याने पदरचे घालायचे, हे तिला कुणीतरी शिकवलंय. तिला नोकरी टिकवायची आहे, मान्य. म्हणूनच खरं लिहायची मुभा शेठने द्यायला हवी होती.

खरी पद्धत साधी आहे. फरक दिसला की स्वतःच्या पैशाला हात लावायचा नाही. सकाळी गल्ल्यात ठेवलेले सुट्टे पैसे, अधिक रोख विक्री, वजा गल्ल्यातून दिलेले पैसे, एवढी बेरीज आधी पुन्हा करायची. नोटा दुसऱ्या माणसाने मोजायच्या, कारण मोजणारा आपलीच चूक दुसऱ्यांदा तशीच करतो. फरक नेमका एखाद्या बिलाएवढा असेल तर ते बिल यूपीआयने आलेलं आणि रोखीत लिहिलेलं असू शकतं. काहीच सापडलं नाही तर लिहायचं: '180 कमी, कारण सापडलं नाही', आणि खाली सही. चुकीचा आकडा खोडायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची, आतला आकडा वाचता आला पाहिजे. जास्त भरला तरी तो फरकच, तोही लिहायचा. जास्तीचे पैसे डबीत ठेवून पुढे कमी भरेल तेव्हा वापरायचे, ही सगळ्यात वाईट सवय. त्यात दोन चुका एकमेकींना झाकतात.

घरी तरी आपण वेगळं काय करतो? लोकल चुकल्याचा राग सकाळी पोरावर काढायचा आणि संध्याकाळी चॉकलेट घेऊन जायचं. तीन आठवडे आईला फोन नाही, मग एकदम भारी साडी. गल्ला जुळला! पण पोराला कळलं काय? ओरडा खाल्ला की चॉकलेट मिळतं. चॉकलेट देऊ नका असं म्हणत नाहीये मी. आधी 'सकाळी मी उगाच ओरडलो' एवढं म्हणा, मग द्या.

आणि वही ठेवा, साधी, शाळेची. त्याच रात्री लिहा, कारण सकाळपर्यंत मन आपली बाजू पक्की करून बसतं. 'आज वाईट वागलो' हे लिहिणं 'हिशेब बरोबर' इतकंच निरुपयोगी आहे. 'सव्वाआठ, डबा भरलेला नव्हता, पोरावर ओरडलो' असं लिहा. वेळ, जागा, कोणाला काय लागलं. दोन ओळी बास. पानभर कबुलीजबाब लिहिणारे चौथ्या दिवशी वही बंद करतात. दुसऱ्याच्या कामाची शाबासकी तुम्हाला मिळाली असेल तर तीही लिहा, तो जास्त भरलेला गल्ला आहे. पंधरा दिवसांनी फक्त वेळा वाचत जा. बऱ्याचदा तोच तास, तीच भूक, तीच अपुरी झोप पुन्हा पुन्हा दिसते. नाही दिसली तर 'कारण सापडलं नाही' तसंच राहू द्या. ओढूनताणून कारण चिकटवू नका.

त्या पोरीचा चेहरा अजून समोर येतोय. पर्स बंद करताना तिने आतल्या उरलेल्या नोटा बोटाने मोजल्या होत्या.

शेठ, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर तिचे 180 तिला परत द्या. बिलबुक अजून दुकानातच आहे. उद्या पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत तिच्याशेजारी बसा आणि आजच्या बिलांत 420 शोधा. दहा मिनिटं लागतील.