खरेदीदाराची जबाबदारी बिल चुकते केल्यावर संपत नाही

'खरेदीदाराने दर, दर्जा आणि वेळ एवढेच पाहावे. पुरवठादार सांडपाणी कुठे सोडतो ते पाहायला सरकार आहे,' असा संदेश वडोदऱ्यातील मराठी उद्योजकांमध्ये सध्या फिरतो आहे. त्याच्या समर्थनार्थ तीन कारणे दिली आहेत: कायदा पुरेसा आहे, प्रमाणपत्र पाहिले की खात्री पटते, आणि अटी वाढवल्या तर लहान कारखाने बंद पडतील.

कायद्यापुरते बोलायचे तर उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे प्रकरण रंग-रसायनांच्या धंद्यातील प्रत्येकाने वाचायला हवे. तेथे रंग बनवण्यासाठी लागणारे एच-ॲसिड निर्यातीसाठी तयार होत असे, आणि त्याचा विषारी गाळ उघड्यावर पडून विहिरींचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. पाश्चात्त्य देशांनी या रसायनाचे उत्पादन बंद केले, पण त्यांची गरज कायम राहिली, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात स्पष्ट नोंदवले आहे. म्हणजे विष कुठे साचेल हे मागणीनेच ठरवले होते. निकालाने 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लागू केले. १९९७ मध्ये जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरला, आणि २०११ मध्येही तो चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. कायदा आवश्यक आहे, पण तो नुकसानीनंतर आणि फार सावकाश पोहोचतो. खरेदीदाराचा प्रश्न मात्र ऑर्डर देण्यापूर्वीच विचारता येतो. आपल्याकडे वडोदऱ्यात तर १९८३ पासून कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या वाहिनीतून पादरा तालुक्याच्या बाजूने खंभातच्या आखाताकडे जाते. त्यात काय सोडले जाते, याचा संबंध वाटेवरच्या शेतकऱ्यांशी आहे.

प्रमाणपत्राविषयी एकच घटना पुरे. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. सामाजिक जबाबदारीचे प्रमाणपत्र त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते.

लहान कारखान्यांची काळजी मात्र खरी आहे, आणि म्हणूनच ती खरेदीदाराने पुढे करावी याचे मला वाईट वाटते. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उधारी महिनोन्‌महिने थकवून, शेवटच्या क्षणी दर पाडून आणि मुदत कमी करून आपणच त्याला गाळाच्या विल्हेवाटीवरचा खर्च टाळायला भाग पाडतो. तो खर्च दरपत्रकात वेगळा मागावा, मान्य करावा, वेळेवर द्यावा, आणि मग गाळ कुठे गेला याची पावती हक्काने पाहावी.