‘तेल की टिंक्चर?’: एका फॉरवर्डची लोणकढी

नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. ‘गांजाचं तेल घ्यावं की टिंक्चर (म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क)?’ असं शीर्षक, खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’. मुद्दे थोडक्यात असे: टिंक्चर जिभेखाली ठेवलं की पाच मिनिटांत लागू पडतं, तेलाला दोन तास लागतात. तेल नैसर्गिक, टिंक्चर केमिकल. दोन्हीचे २० थेंब म्हणजे १ मिली. टिंक्चर घरीही करता येतं. भांग चालते म्हणजे हेही चालतं. दोन्ही कधी खराब होत नाहीत. आणि साइड इफेक्ट शून्य असल्यामुळे फिटच्या, बीपीच्या गोळ्या ‘हळूहळू’ बंद करता येतात.

नात्यातल्या ज्या घरी हा मजकूर पोहोचला, तिथलं २० किलो वजनाचं पोर फिटसाठी व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम घेतं. घरच्यांचा प्रश्न एवढाच, की मग यातलं कोणतं आणायचं? म्हणून आधी सातवा मुद्दा. बाकीचे थांबले तरी कुणाचं बिघडत नाही.

कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, हे गांजाच्या झाडातलं एक रसायन. ते काही प्रकारच्या फिटवर काम करतं, हे मान्य. एपिडिओलेक्स नावाचं सीबीडीचं औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालं, तेही लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या फिटच्या दोन चिवट आजारांसाठी. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारातल्या फिटची भर पडली. पण ज्या चाचण्यांवर ही मंजुरी मिळाली, त्यांत मुलांच्या आधीच्या गोळ्या चालूच होत्या. सीबीडी जोडीला दिलं होतं, गोळ्यांच्या जागी नाही.

आता मात्रेचा हिशेब करू. त्या औषधाची सुरुवातच किलोमागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी होते. २० किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला १०० मिलिग्रॅम, आणि आठवड्याने दुप्पट. ऑनलाइन मिळणाऱ्या ३० मिलीच्या बाटलीवर ‘१००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं. ते खरं धरलं तरी १ मिलीत ३३ मिलिग्रॅम झाले. सुरुवातीच्या मात्रेलाच रोज ३ मिली लागणार, बाटली दहा दिवसांत रिकामी. फॉरवर्ड काय सांगतो? ‘सकाळ-संध्याकाळ पाच थेंब.’ तेलाचे पाच थेंब म्हणजे जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम. म्हणजे औषध म्हणावं तर मात्रा नाही, आणि त्याच्या भरवशावर चालू गोळी बंद! फिटची गोळी एकदम थांबली की फिट एकामागून एक येत राहतात, थांबतच नाहीत, आणि त्यात जीवही जातो. (हा हिशेब घरी मात्रा ठरवण्यासाठी नाही. पाच थेंब किती पोकळ आहेत, ते दिसावं म्हणून मांडलाय.)

उलट कुणी खरोखरच भरपूर मात्रा दिली, तर दुसरी पंचाईत. सीबीडी आणि व्हॅल्प्रोएट एकत्र आले की यकृतातली एन्झाइम्स चढायची शक्यता वाढते. म्हणून त्या औषधाच्या माहितीपत्रकात सुरू करण्याआधी, आणि मग १, ३ आणि ६ महिन्यांनी, एसजीपीटी-एसजीओटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करायला सांगितलंय. क्लोबाझामचं शरीरात जे सक्रिय रूप तयार होतं, त्याची रक्तातली पातळी सीबीडीमुळे सुमारे तिप्पट होते. मूल दिवसभर पेंगतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, कसं शांत झालं!’ जेवणाचंही तसंच. भरपूर स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर उपाशीपोटीच्या मानाने चौपट सीबीडी रक्तात जातं. एक दिवस रिकाम्या पोटी आणि दुसऱ्या दिवशी वरून तेल सोडलेल्या वडाभातावर घेतलं, तर त्या दोन मात्रा एक नव्हेत. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढू शकतो. बीपीच्या गोळीबद्दल एवढंच, की नशा आणणारं टीएचसी नाडी वाढवतं आणि उभं राहताना बीपी पाडतं. तेव्हा ‘शून्य’ हा आकडा कुठून काढला, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

थेंबांचा मुद्दा वरवर निरुपद्रवी वाटतो, पण घोटाळा तिथेच होतो. १ मिलीत सुमारे २० थेंब हा हिशेब पाण्याचा आहे. थेंबाचा आकार पृष्ठताणावर ठरतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२, शुद्ध अल्कोहोलचा २२ आणि तेलाचा तिशीच्या आसपास. त्यामुळे त्याच ड्रॉपरमधून कडक टिंक्चरचे थेंब बारीक पडतात, मिलीला पन्नास-साठसुद्धा. तेलाचे त्याहून मोठे, साधारण तीस-चाळीस. टिंक्चरचे २० थेंब घेणाऱ्याने तितक्याच ताकदीच्या तेलाचे २० थेंब घेतले, तर मात्रा दीडपट-दुप्पट होते. मेडिकलमध्ये बिनसुईची १ मिलीची सिरिंज मिळते. मोजायचंच तर तिने मोजावं, आणि लेबलवर दर मिलीला किती मिलिग्रॅम, तेही सीबीडी आणि टीएचसी वेगवेगळं, ते पाहावं. नुसतं ‘१००० मिग्रॅ’ म्हणजे सीबीडी, की सगळा अर्क, की चक्क बियांचं तेल?

लेबलवर तरी किती भरवसा ठेवायचा? अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आली. लेबलप्रमाणे माल निघाला फक्त २६ मध्ये. १८ मध्ये टीएचसी सापडलं. तेलांची कामगिरी त्यातल्या त्यात बरी, आणि तीसुद्धा ४० पैकी १८ बरोबर. तेल निवडा नाहीतर टिंक्चर, बाटलीसोबत त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार.

‘पाच मिनिटांत’ची गोष्ट. अल्कोहोलमधला अर्क तोंडाच्या आतल्या त्वचेतून थोडा शोषला जातो, हे अर्धं खरं. पण सॅटिव्हेक्स हा तोंडातच फवारायचा, अल्कोहोलमधलाच, परवाना मिळालेला स्प्रे घ्या. त्याची रक्तातली सर्वोच्च पातळी ४५ ते १२० मिनिटांनी येते. कारण साधं आहे. जिभेखाली जळजळलं की लाळ सुटते, लाळ सुटली की माणूस गिळतो, आणि गिळलं की टिंक्चरही तेलाच्याच वाटेने पोटात. अल्कोहोल जितकं कडक, तितकं ते तोंडात कमी टिकतं. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून जो दुसरा डोस घेतो, त्याला दोन तासांनी दोन्ही डोस एकदम भेटतात.

नैसर्गिक-केमिकल हा वाद तर हास्यास्पदच. वरच्या एपिडिओलेक्समध्ये तिळाचं तेलही आहे आणि अल्कोहोलही. मग ते तेल की टिंक्चर, राजेहो? अल्कोहोलची खरी अडचण वेगळीच आहे. लहान मुलं, यकृताचे रुग्ण आणि दारू सोडवायला डायसल्फिराम घेणारे, यांनी टिंक्चरपासून लांब राहावं. डायसल्फिरामवर थोडंसं अल्कोहोलही उलट्या आणि धडधड सुरू करतं. आणि ‘ऋषीमुनींचं टिंक्चर’ म्हणणाऱ्यांसाठी: ते आधुनिक वैद्यकात आणलं विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने, कलकत्त्याला, १८३९ च्या सुमारास.

घरी करायचा मुद्दा आवरता घेतो. ‘कोणतंही स्पिरिट चालतं’ असं त्यात लिहिलंय. नाही चालत. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते डोळ्यांची नस जाळतं, आणि ते उकळून ‘उडून जाईल’ यावर डोळे पणाला लावू नयेत. कडक अल्कोहोलची वाफ १५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते आणि हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून खाली शेगडीकडे सरकते. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात किती अंश असतात, ते सांगायला नको.

शिवाय तो गुन्हा आहे, आणि इथेच भांगेचा मुद्दा निकालात निघतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून पानं आणि बिया वगळल्यात, फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर. पण त्याच कायद्यात कॅनाबिसचा ‘कोणताही अर्क किंवा टिंक्चर’ नावानिशी धरलाय. भांगेला महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो, म्हणजे तीही मोकाट नाही. पानांची आयुर्वेदिक औषधं, ज्यांवर ‘विजया’ लिहिलेलं असतं, ती परवान्यावर बनतात. भांग विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत असल्याने त्यांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा लागतो. बियांचं तेल २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून मान्य आहे. आपल्या जवसाच्या तेलासारखं खा. त्यात सीबीडी जवळपास नसतंच, फिट थांबवायचं तर नावच नको.

राहिलं ‘कधी खराब होत नाही’. टिंक्चरला बुरशी लागत नाही, खरंय. पण नागपूरच्या ४५ अंशांत सैल रबरी ड्रॉपरच्या कडेने अल्कोहोल उडतं आणि उरलेल्या टिंक्चरच्या दर थेंबात गांजाचा अर्क वाढत जातो. तेल खवट होतं. ऊन आणि उष्णतेत टीएचसी मोडून दुसरंच संयुग तयार होतं. मंजूर औषधाची बाटलीसुद्धा उघडल्यापासून १२ आठवड्यांनी टाकून द्यायची असते, भरलेली असली तरी.