45 हजार भरून एनबीएचं दार उघडत नाही

बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांचा एकही व्हॉट्सअॅप गट या संदेशातून सुटलेला दिसत नाही. माझ्याकडे तो बहिणीने पाठवला. भाचा अकरावीत, उंची सहा फूट चार इंच, आणि संदेशाखाली तिचा एकच प्रश्न: "भरू का पैसे?" म्हणून हे लिहितो आहे, आणि चिडूनच लिहितो आहे.

संदेश थोडक्यात असा: भारताचा प्रिन्सपाल सिंग 2021 मध्ये एनबीए चॅम्पियन झाला. त्याच्याआधी सतनाम सिंग डॅलसकडून एनबीएत खेळला. आता एनबीएच्या जी लीगमध्ये 18 व्या वर्षी 4 कोटी पगार मिळतो, शिक्षणाची अट नाही. तिथले नियम एनबीएचेच असल्यामुळे एक हंगाम काढला की एनबीएचा संघ उचलतोच. शेवटी मुद्द्याची ओळ: मुंबईत निवड चाचणी, नोंदणी 45,000 रुपये, निवड झाल्यास व्हिसा आमच्याकडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एनबीए ही अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि जी लीग ही तिची स्वतःची दुय्यम व्यावसायिक लीग. 2001 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, बराच काळ डी-लीग म्हणून ओळखली गेली आणि 2017-18 पासून प्रायोजकाच्या नावावरून जी लीग झाली. इथे खेळणारे व्यावसायिकच असतात, पण इथला सामना हा एनबीएचा सामना नव्हे. या एका वाक्यावर निम्मा संदेश कोसळतो.

प्रिन्सपालपासून सुरुवात करतो, कारण अर्धसत्य तिथेच आहे. ऑगस्ट 2021 मध्ये लास वेगासच्या समर लीगच्या अंतिम सामन्यात सॅक्रामेंटो किंग्जने बोस्टन सेल्टिक्सला 100-67 असं हरवलं आणि प्रिन्सपाल त्या किंग्ज संघात होता. एनबीएच्या नावाखालच्या कुठल्याही पातळीवरच्या विजेत्या संघातला तो पहिला भारतीय. हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी जास्तच पोचली. पण समर लीग म्हणजे मुख्य हंगाम सुरू होण्याआधी नवोदितांना आणि करार शोधणाऱ्यांना तपासून बघण्यासाठी भरवलेली छोटी स्पर्धा. 2021 चा एनबीए विजेता मिलवॉकी बक्स होता. प्रिन्सपालने आजवर एनबीएचा एकही नियमित सामना खेळलेला नाही.

सतनामचं उत्तर छोटं आहे. 2015 च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय नागरिक. खेळला मात्र डी-लीगच्या टेक्सास लेजंड्सकडून. ड्राफ्ट म्हणजे संघाने तुमच्यावर हक्क नोंदवणं, मैदानावर उतरवणं नव्हे. एनबीएत भारतीय वंशाचा जो पहिला खेळाडू उतरला तो सिम भुल्लर, आणि तो कॅनडाचा. 2014-15 चा हंगाम तो डी-लीगच्या रिनो बिगहॉर्न्सकडून खेळला, एप्रिलमध्ये किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला. सात फूट पाच इंच उंचीच्या त्या मुलाच्या वाट्याला एनबीएत आले तीन सामने, सगळे मिळून तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ आणि दोन गुण.

आता 4 कोटी. हा आकडा आला कुठून ते सांगतो. 2020 मध्ये जी लीगने इग्नाइट नावाचा एक खास संघ काढला. अमेरिकन मुलाला एनबीए ड्राफ्टसाठी वयाची 19 वर्षं आणि शाळा संपल्यावर एक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. ते मधलं वर्ष कॉलेजच्या संघात घालवायचं नसेल तर पगारावर कुठे खेळता येईल, याचं उत्तर म्हणजे इग्नाइट. जेलन ग्रीन हा त्यांचा पहिला मोठा खेळाडू, आणि त्याला साधारण 5 लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. रुपयांत पावणेचार कोटींच्या आसपास. संदेशातले 4 कोटी ते हेच. पण ग्रीन हा त्या वर्षी अमेरिकेतल्या शालेय खेळाडूंमधला सर्वोत्तम मानला जाणारा मुलगा होता आणि 2021 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याचा पगार हा लीगचा पगार नव्हे. 2019-20 मध्ये जी लीगच्या साध्या करारावर पाच महिन्यांचे मिळायचे 35,000 डॉलर, म्हणजे कर कापण्यापूर्वी 25-26 लाख रुपये. राहण्याची सोय आणि विमा संघाकडून. 2024-25 मध्ये हीच रक्कम 43,000 डॉलर झाली. शिवाय इग्नाइटच्या मुलांसाठीही शाळा पूर्ण करण्याची अट होतीच, आणि तो संघ 2023-24 च्या हंगामानंतर बंद झाला. म्हणजे ज्या दाराचं चित्र दाखवून पैसे मागितले जात आहेत ते दारच आता भिंतीत नाही.

"एक हंगाम काढला की उचलतोच." यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण पालक याच वाक्याला भुलतात. आणि पडताळायला हंगामही संदेशवाल्यानेच सुचवला आहे: 2020-21, ज्यात प्रिन्सपाल इग्नाइटकडून होता. त्या हंगामाचे सामने, गुण आणि संघांच्या याद्या लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर कुणालाही मोफत बघता येतात. संदेश लिहिणाऱ्याने दहा मिनिटं तिथे घालवली असती तरी हे वाक्य त्याला लिहिता आलं नसतं.

आधीचा हंगाम कोविडमुळे अर्ध्यावर बंद पडला होता. म्हणून 2021 च्या फेब्रुवारीत सगळे सामने फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्नीच्या क्रीडासंकुलात एकाच बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्या जगाशी संपर्क तोडून, भरवले गेले. अनेक संघांनी येणंच टाळलं. आले ते 18: एनबीए संघांशी जोडलेले 17 आणि इग्नाइट. प्रत्येकाला 15 सामने, 10 फेब्रुवारी ते 6 मार्च, म्हणजे 25 दिवसांत 15 सामने. पहिले आठ बाद फेरीत, तिथे एक हार की घरी. 11 मार्चला लेकलंड मॅजिकने डेलावेअर ब्लू कोट्सला 97-78 हरवून किताब घेतला. इग्नाइटने 8 जिंकले, 7 हरले, आठव्या क्रमांकाने बाद फेरी गाठली आणि पहिल्याच सामन्यात रॅप्टर्स 905 (टोरंटो रॅप्टर्सचा जी लीग संघ) कडून हरले. प्रिन्सपालला त्या हंगामात मैदानावर मोजकीच मिनिटं मिळाली. यात त्याची नालस्ती नाही. इग्नाइटमध्ये ग्रीन आणि जोनाथन कुमिंगासारखी मुलं होती आणि त्यांच्या जोडीला जॅरेट जॅक, अमीर जॉन्सन यांच्यासारखे एनबीएत अनेक वर्षं काढलेले अनुभवी. वीस वर्षांच्या मुलाला अशा संघात मिनिटं मिळवणंच कठीण.

आता याच बबलमधला जेरेमी लिन घ्या. 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्याने धुमाकूळ घातला, 2019 मध्ये जो टोरंटोच्या विजेत्या संघात होता, तो लिन इथे सँटा क्रूझ वॉरियर्सकडून खेळायला आला. सरासरी 19.8 गुण आणि 6.4 असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण करून देणारे पास. एनबीएच्या एकाही संघाने त्याला बोलावलं नाही. तो पुन्हा चीनच्या लीगमध्ये गेला. नऊ वर्षं एनबीए खेळलेल्या, वीसच्या सरासरीने गुण करणाऱ्या माणसाला "उचलतोच" हा नियम लागू झाला नाही.

दुसरं टोक डेव्हिन कॅनडीचं. विजेत्या लेकलंडचा, अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू. त्याला बक्षीस काय मिळालं? एप्रिलमध्ये ऑर्लँडो मॅजिककडून दहा दिवसांचा करार. दहा दिवस संपले की संघ आणखी एकदा दहा दिवस देऊ शकतो, त्यानंतर मात्र उरलेल्या हंगामासाठी ठेवायचं किंवा सोडायचं. जी लीगमधून वर जाण्याचा नेहमीचा रस्ता हा असा असतो, आणि तोसुद्धा अंतिम सामना गाजवणाऱ्याला.

मग "एनबीएतले जवळपास निम्मे खेळाडू जी लीगमधून आलेत" हे लीगच अभिमानाने सांगते, ते खोटं आहे का? नाही, खरं आहे. पण त्या निम्म्यांत कोण मोजले जातात ते बघा. जी लीगच्या एकाच बाकावर तीन प्रकारचे खेळाडू बसतात. पहिला, ज्याचा एनबीए करार आधीच झालेला आहे आणि सरावासाठी खाली पाठवला आहे. त्याचा पगार एनबीएचाच. पास्कल सियाकम 2016-17 मध्ये रॅप्टर्स 905 कडून डी-लीगचा किताब जिंकला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत 27 व्या क्रमांकावर तो टोरंटोकडे आधीच गेलेला होता. दुसरा टू-वे करारवाला, जो एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळतो. 2020-21 मध्ये त्याचा ठरलेला पगार साधारण साडेचार लाख डॉलर होता, आणि तेव्हा एका एनबीए संघाकडे अशा फक्त दोन जागा होत्या. आता तीन आहेत. तिसरा साध्या करारावरचा. त्याचा करार संघाशी नव्हे तर थेट लीगशी असतो, म्हणून त्याला कुठलाही एनबीए संघ बोलावू शकतो. पण कुणी बोलावलं नाही तर मार्च-एप्रिलमध्ये घरी. "निम्मे" या आकड्यात पहिल्या दोन प्रकारचे भरपूर आहेत. आपल्या मुलांना दाखवलं जाणारं स्वप्न मात्र तिसऱ्या प्रकारचं आहे. त्यातही आत टिकणं सोपं नाही: 2016 मध्ये पालप्रीत सिंग ब्रारला लाँग आयलंड नेट्सने डी-लीगच्या ड्राफ्टमध्ये घेतलं, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच सराव शिबिरातून कमी केलं. भारतीय संघाचा कणा असलेला अमज्योत सिंग 2017-18 मध्ये जी लीगच्या ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून खेळला, पण तोही एनबीएपर्यंत पोचला नाही.

नियम सारखे असल्याचा दावा तसा निरुपद्रवी, पण तोही चूक. जी लीगमध्ये 2019-20 पासून फाउलनंतर दोन किंवा तीन फ्री थ्रोंऐवजी (फ्री थ्रो म्हणजे अडवणुकीविना बास्केटमध्ये टाकायचा चेंडू) एकच टाकतात आणि तोच दोन किंवा तीन गुणांचा असतो. शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत नेहमीची पद्धत. एनबीए स्वतःचे नवे नियम आधी इथे करून बघते.

राहिले 45,000 रुपये. इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: जी लीगचे संघ अमेरिकेत स्थानिक ट्रायआउट घेतात आणि त्याला शुल्क असतं. जोनाथन सिमन्सने 2013 मध्ये 150 डॉलर भरून ऑस्टिनच्या संघाची चाचणी दिली आणि दोन वर्षांनी तो सॅन अँटोनियो स्पर्सकडे पोचला. हे उदाहरण असले संदेश लिहिणाऱ्यांचं आवडतं असतं. पण ते शुल्क संघ स्वतः घेतो, स्वतःच्या संकेतस्थळावर, स्वतःच्या शहरातल्या कोर्टवर. काही तासांचं सत्र असतं, ड्रिल आणि पाच-विरुद्ध-पाच. त्यातून फार थोड्यांना सराव शिबिराचं बोलावणं येतं, आणि शिबिरातून पुन्हा कपात होते. शुल्क परत मिळत नाही. मुंबईत कुणा तिसऱ्याने घेतलेल्या चाचणीतून त्या शिबिरात थेट जागा मिळण्याची सोय या व्यवस्थेत नाही.

प्रिन्सपाल कसा गेला तेही सांगायला हवं, कारण जाहिरातीत फोटो त्याचा आहे. 2017 मध्ये दिल्लीजवळ सुरू झालेल्या एनबीए अकादमीत तो शिष्यवृत्तीवर शिकला आणि तिथून ऑस्ट्रेलियातल्या एनबीए ग्लोबल अकादमीमार्गे इग्नाइटकडे गेला. निवडलेल्या मुलांचा खर्च अकादमी करायची. एनबीए खेळाडू संघटनेने मान्यता दिलेला एजंटसुद्धा कमिशन घेतो ते करार झाल्यावर, पगारातून, कमाल 4 टक्के. मुलाने एक पैसा कमावण्याआधी हात पुढे करणारा माणूस या साखळीत कुठेच बसत नाही.

व्हिसाबद्दल: पर्यटक व्हिसावर पगारी खेळता येत नाही. खेळाडूचा कामाचा व्हिसा हवा असेल तर त्यासाठी अर्ज अमेरिकेतल्या बाजूने करावा लागतो, आणि त्यासोबत करार जोडावा लागतो. करार नसताना "व्हिसा आमच्याकडे" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: करार कुणाशी, आणि सही कुणाची? लेखी उत्तर मागा.

ज्यांनी पैसे आधीच भरले आहेत त्यांनी आज तीन कामं करावीत. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, संदेशाचे आणि गप्पांचे स्क्रीनशॉट एका जागी ठेवा, काहीही डिलीट करू नका. बँकेला कळवा. आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते.