प्रतिक्रियेला उत्तर : वायरमनची मस्ती

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वीस वर्षं खांबावर चढणारा वायरमन परमिट (लाइन बंद करून काम करायची परवानगी) आणि अर्थिंग (बंद लाइन जमिनीला जोडणं, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत जाते) यांशिवाय लाइनला हात घालतो ती निव्वळ मस्ती, वायरमन नियम का टाळतात यावरचा माझा लेख म्हणजे त्याचे लाड, आणि दोघाचौघांना घरी बसवलं की बाकीचे सुतासारखे सरळ येतील.

मस्ती असते, नाकारत नाही. पण तेवढंच कारण असतं तर नवी पोरं जास्त बेफिकीर दिसली असती. नवा मुलगा उलट तीनतीनदा विचारतो, 'लाइन बंद आहे ना?' दोन पावसाळे काढले की विचारणं थांबतं. असं का होतं?

११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनवर तार जोडायची तर सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, एबी स्विच (खांबावरचा, लाइन तोडणारा स्विच) उघडायचा, त्याची तिन्ही पाती खरंच सुटली का ते डोळ्यांनी बघायचं, लाइन तपासायची, दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचं. प्रत्यक्ष जोडणीपेक्षा ही तयारीच लांबते. आणि यातली एखादी पायरी गाळली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही! गंजलेल्या स्विचचं एखादं पातं चिकटून राहतं, पण रोज नाही. कुणीतरी चेंजओव्हर (जनरेटर लाइनपासून तोडणारा स्विच) न बसवता जनरेटर चालू करतो, ती वीज डीपीतून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटी चढते आणि ४०० व्होल्टचे ११ हजार होऊन बंद समजलेल्या लाइनवर येतात. तेही रोज घडत नाही. अर्थिंग नेमकं त्या एका दिवसासाठी असतं. इतर दिवशी ते न लावणाराही संध्याकाळी धडधाकट घरी जातो, आणि लावलं नाही तरी चालतं हे त्याला दर खेपेला नव्याने पटतं.

हे कमी शिकलेल्यांचंच दुखणं आहे असंही समजू नका. अमेरिकेच्या 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या रॉकेटमधली रबरी सील आधीच्या उड्डाणांतही जळालेली आढळली होती. यानं सुखरूप परतत होती, म्हणून ते चालवून घेतलं गेलं. २८ जानेवारी १९८६ ला तीच सील निकामी झाली, यान फुटलं आणि सात जण गेले.

आता तुमच्या शिक्षेबद्दल. फीडर (सबस्टेशनमधून गावांकडे जाणारी लाइन) बंद केला की चार गावं अंधारात जातात. पाण्याच्या मोटारी थांबतात, सरपंचापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे फोन त्या एका वायरमनला. अशा वेळी जो पाच मिनिटांत लाइट आणतो तो 'आपला माणूस', आणि परमिटसाठी थांबणारा कामचुकार. वाचलेला वेळ गावाला मिळतो, साहेबांच्या अहवालात जातो. हात मात्र वायरमनचा जळतो. रोज ज्या घाईसाठी शाबासकी दिली, तिच्यासाठीच अपघातानंतर नोटीस द्यायची, हा न्याय मला पटत नाही. कंत्राटी पोरांना तर 'नाही' म्हणायचीही सोय नसते.

शिवाय शिक्षेच्या धाकाने लोक आधी काय करतात? थोडक्यात वाचल्याचे किस्से लपवतात. आज ते निदान चहाच्या टपरीवर तरी ऐकू येतात, बढाई मारत का होईना.

मग करायचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. प्रत्येक गाडीत अर्थिंगचा संच हवा. खांबापाशी दुसरा माणूस हवा. फीडर किती वेळ बंद राहील हे गावाला वायरमनने नाही, कार्यालयाने कळवायचं, आणि तो वेळ संपेपर्यंत त्याला फोन करायचा नाही, साहेबांनीसुद्धा. एवढं देऊनही जो अर्थिंग लावणार नाही, त्याला घरी बसवा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.