खरखरीत फ्लाय लाइनचे पैसे वसूल होतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमची प्रतिक्रिया आधी थोडक्यात सांगतो. खाडीतल्या जिताड्यासाठी ८ नंबरच्या रॉडवर टेक्श्चर्ड, म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेली फ्लाय लाइन घ्यावी, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. (फ्लाय म्हणजे हलकं नकली आमिष, फ्लाय लाइन म्हणजे ते फेकायची वजनदार दोरी, आणि रॉडचा नंबर म्हणजे त्याला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर.) त्यावर तुमचे आक्षेप तीन. खरखरीत वस्तू जास्त घासते, कमी नाही, त्यामुळे ‘लाइन लांब जाते’ हा निव्वळ जाहिरातीचा दावा आहे. अशी लाइन रॉडच्या कड्याही, म्हणजे लाइन ज्यांतून जाते ती धातूची वळीही, खाते आणि बोटंही सोलते. आणि एका लाइनच्या पैशात चार साध्या लाइन येत असताना नवशिक्याला हा खर्च सुचवणं चुकीचं आहे. पहिला आक्षेप मला पटत नाही, दुसरा अर्धा पटतो, आणि तिसऱ्यात तुम्ही माझी खरी चूक पकडली आहे.

घर्षणापासून सुरुवात करू, कारण सगळा वाद तिथेच आहे. सॅंडपेपर लाकडावर जास्त घासतो हे खरं, पण तिथे कठीण टोकं मऊ लाकडात रुततात. फ्लाय लाइनचं उलट आहे. आत गाभ्याची दोरी, वर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा मऊ थर, आणि ही लाइन सरकते ती कठीण, गुळगुळीत धातूच्या कडीवरून. मऊ प्लॅस्टिक गुळगुळीत पृष्ठभागाला टेकलं की घासण्यापेक्षा चिकटतं जास्त, आणि मध्ये पाण्याचा पातळ थर आला की आणखी चिकटतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या ओट्यावर प्लॅस्टिकची सपाट पिशवी ठेवून सरकवून बघा. मग तीच पिशवी चुरगळून, सुरकुत्या पाडून ठेवा. सुरकुतलेली पिशवी सहज सरकते, कारण ओट्याला तिचा फार थोडा भाग टेकलेला असतो. लाइनवरचे उंचवटे एवढंच काम करतात.

९ फुटी रॉडवर साधारण दहा-अकरा कड्या असतात, पण लाइन फक्त कड्यांनाच लागते असं नाही. ती सुटताना दोन कड्यांच्या मधल्या रॉडच्या अंगावर आपटत जाते. रॉड ओला असला की गुळगुळीत लाइन त्या अंगाला लेपासारखी चिकटते आणि फेकीतला जोर तिथेच मरतो. आपल्याकडच्या दमट हवेत, भरतीच्या पाण्यात, रॉड कोरडा राहतच नाही. म्हणून खाडीत मला या पृष्ठभागाची किंमत वाटते, आणि हे मत मी बदलत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचा जाहिरातीवरचा राग रास्त आहे. छोट्या खळग्यांच्या लाइनबद्दल ‘गोल्फच्या चेंडूसारखी हवेला कापते’ असं विक्रेते सांगतात. ते टिकत नाही. हवेचा प्रवाह कसा वागेल हे रेनॉल्ड्स अंकावरून, म्हणजे वस्तूची जाडी आणि वेग यांवरून काढलेल्या आकड्यावरून, ठरतं. गोल्फचा चेंडू जवळपास ४३ मिलिमीटर जाडीचा आणि सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगाने सुटलेला, त्याचा अंक दीड लाखाच्या पुढे जातो. तिथे खळगे हवेचा विरोध खरोखर कमी करतात. लाइन सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड आणि वेग सेकंदाला वीस मीटर धरला, तर अंक येतो सुमारे सतराशे. एवढ्या कमी अंकाला खळग्यांचा तो परिणाम सुरूच होत नाही. फायदा आहे तो कडीवर, रॉडवर आणि पाण्यावर. हवेत नाही.

पाण्यावरचा फायदा कमळाच्या पानासारखा आहे. बारीक उंचवट्यांच्या मध्ये हवा अडकते, पाणी पूर्ण चिकटत नाही, लाइन थोडी वर तरंगते आणि पुढच्या फेकीला उचलताना कमी ओढ लागते. पण यात एक अट आहे, आणि मूळ लेखात मी ती लिहायला हवी होती. लाइन स्वच्छ असेल तरच हे घडतं. आपल्या खाडीचा गाळ इतका बारीक असतो की तो त्या खळग्यांत जाऊन बसतो. दोन-तीन दिवसांच्या मासेमारीनंतर लाइनचा एक वीत तुकडा नखाखाली ओढून बघा. नखावर राखाडी लोण्यासारखा लेप येतो. या अवस्थेतली महागडी खरखरीत लाइन धुतलेल्या साध्या लाइनपेक्षा वाईट चालते.

सगळ्या खरखरीत लाइन एकसारख्या नसतात, हेही सांगायला हवं. सायंटिफिक अँगलर्स या अमेरिकी कंपनीची शार्कस्किन लाइन २००७ साली आली तेव्हा तिची किंमत १०० डॉलरच्या आसपास होती आणि त्या किमतीनेच जास्त चर्चा झाली. तिचे उंचवटे टोकदार होते. कडीतून जाताना ती झिप उघडल्यासारखा आवाज करते, आणि ‘बोटं सोलते’ ही तक्रार बहुतेक याच प्रकारामुळे रूढ झाली. त्यांच्याच नंतरच्या लाइनवर टोकांऐवजी उथळ खळगे आले. त्या बोटांना पुष्कळ सौम्य आहेत आणि आवाजही कमी करतात. वेल्समधल्या एअरफ्लो कंपनीच्या रिज लाइनवर लांबीच्या दिशेने उभ्या रेघा असतात. ओढताना बोट रेघेच्या दिशेनेच सरकतं, म्हणून ती तशी कापत नाही. तुम्ही तिन्ही एकाच तराजूत टाकल्या आहेत.

आता कड्या. शुद्ध पीव्हीसी क्रोमचा मुलामा दिलेल्या स्टीलला कापू शकत नाही, ते फार मऊ आहे. कापते ती त्यात बसलेली रेती. रेतीतलं क्वार्ट्झ स्टीलपेक्षा कठीण असतं, आणि खळगे ते धरून ठेवतात. म्हणजे तुम्ही पाहिलेली झीज खरी असणार, फक्त गुन्हेगार लाइन नसून तिच्यावरची घाण आहे. तपासायला कानातल्या काडीचा कापूस प्रत्येक कडीतून, विशेषतः टोकाच्या कडीतून, सगळ्या बाजूंनी फिरवा. कुठेही कापसाचा धागा अडकला तर तिथे चर पडली आहे. अशी कडी लगेच बदला, कारण ती चर मग कुठलीही लाइन, साधीसुद्धा, सोलून काढते. टोकाची कडी गरम करून काढता येते, तिथला गोंद उष्णतेने सैल होतो. फक्त ज्योत कडीवरच धरा, रॉडवर नको.

बोटांचं दुखणं मात्र मला मान्य आहे. खाऱ्या पाण्यात तासभर भिजलेली कातडी मऊ पडते आणि फ्लाय भराभर ओढताना तर्जनीच्या पहिल्या पेराला चीर जाते. लायक्राची बोटटोपी किंवा औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळली की भागतं. ते नको असेल तर रेघांची किंवा गुळगुळीत लाइन घ्या, त्यात कमीपणा नाही.

धुण्याची पद्धत लेखात नव्हती, ती इथे देतो. एका बादलीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे चार-पाच थेंब. लाइन सैल वेटोळ्यांत सोडून पंधरा मिनिटं भिजू द्या. मग मायक्रोफायबरच्या कापडातून हलक्या चिमटीने ओढा. खळग्यांच्या लाइनला एक फेरी पुरत नाही, कापडावर राखाडी डाग येणं थांबेपर्यंत ओढत राहा. साध्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीतून काढून सावलीत वाळवा. लाइनचं ड्रेसिंग, म्हणजे ती निसरडी ठेवणारं द्रव्य, लावायचं तर अगदी पातळ, आणि दहा मिनिटांनी पुसून टाकायचं. जाड थर ठेवलात तर खळगे बुजतात आणि ज्यासाठी पैसे दिले तेच झाकलं जातं. डास पळवणारं डीट असलेलं मलम हाताला लावून लाइनला शिवू नका, ते पीव्हीसीच खराब करतं. सनस्क्रीनही तळहाताच्या उलट बाजूनेच लावा. बंद गाडीत उन्हात ठेवलेली लाइन कुठल्याच कंपनीची टिकत नाही.

आता तुमचा तिसरा आक्षेप, आणि माझी चूक. मी ‘घ्यावी’ असं सरसकट लिहिलं. ते कोणासाठी, हे सांगायला हवं होतं.

हाताने गरी टाकणाऱ्याची फेक शिशाच्या वजनावर जाते, नायलॉन नुसतं मागे ओढलं जातं. फ्लायला वजन नसतं, लाइनच वजन असते. त्यातही सगळं वजन पुढच्या जाड भागात, म्हणजे हेडमध्ये असतं, आणि मागची बारीक रनिंग लाइन त्याच्यामागे कड्यांतून सुटत जाते. खरखरीत पृष्ठभागाचा मुख्य फायदा या सुटण्यात आहे. जी लाइन सुटतच नाही, तिथे तो जवळपास शून्य. म्हणून खरेदीपूर्वी एक करा. खोक्यावर हेडची लांबी लिहिलेली असते, बऱ्याच लाइनमध्ये ३५ ते ४० फूट. तुमच्या सध्याच्या लाइनवर तेवढं मोजून पक्क्या मार्करने वीतभर काळी खूण करा आणि एक अख्खा दिवस नेहमीसारखी मासेमारी करा. खूण टोकाच्या कडीबाहेर क्वचितच जात असेल, तर खरखरीत लाइनवर खर्च करू नका.

हिमाचलच्या तीर्थन नदीत ट्राउटसाठी ५ नंबरच्या रॉडवर सहा ते दहा मीटरच्या फेकी पुरतात. तिथे ती खूण रिळावरच राहते. वर पाणी नितळ, जागा शांत, आणि कड्यांतला आवाज नकोसा होतो. तिथे गुळगुळीत लाइनच योग्य आहे. होडीतून कांदळवनाच्या कडेला पंधरा-वीस मीटरवर फ्लाय टाकायची असेल, तर प्रत्येक फेकीला काही मीटर रनिंग लाइन सुटते, तेही ओल्या रॉडवरून. माझी शिफारस तेवढ्यापुरतीच उभी राहते. आणि जिथे खडकांना कालवं लागलेली आहेत तिथे तीही लागू नाही. कालवाच्या एका धारेने वरचा थर गाभ्यापर्यंत चिरला जातो, त्यातून पाणी आत शिरतं आणि दहा हजारांच्या पुढची लाइन टोकापासून बुडू लागते. अशा जागी तुमचं चार साध्या लाइनचं गणित अगदी बरोबर आहे.

मात्र त्या ‘साध्या’ लाइनमध्ये दोन गोष्टी बघूनच घ्या, कारण त्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे वजन. पहिल्या ३० फुटांचं, म्हणजे ९.१४ मीटरचं वजन नंबर ठरवतं. ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे ९.१ ग्रॅम, आणि ८ नंबरला २१० ग्रेन, म्हणजे १३.६ ग्रॅम. ८ नंबरला साधारण अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे चालतो. टोकाचा सरळ, सारख्या जाडीचा काही इंचांचा तुकडा सोडून ३० फूट मोजा, वाटीत गुंडाळून ठेवा आणि सोनाराच्या काट्यावर किंवा ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करा. बाकीची लाइन काट्याच्या पातळीवर बाजूला टेकवून ठेवा, नाहीतर तिची ओढ आकडा बिघडवते. काही उत्पादक मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवतात आणि खोक्यावर तसं लिहितात, ते ठीक. पण काही न लिहिता ८ नंबरची लाइन ११ ग्रॅम भरली, तर रॉड वाकणारच नाही आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला देत बसाल.

दुसरी म्हणजे तापमान. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन एप्रिलच्या उन्हात वाफवलेल्या शेवयांसारखी लोळते, कड्यांमध्ये झोळ पडतो आणि रॉडला चिकटते. उलट ट्रॉपिकल लाइन तीर्थनच्या थंड पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी धरते. खाडीसाठी खोक्यावर ‘ट्रॉपिकल’ हा शब्द आहे ना, एवढं आधी बघा. ट्रॉपिकल गुळगुळीत लाइन खाडीत थंड पाण्याच्या खरखरीत लाइनपेक्षा नक्की चांगली चालेल. आणि तुलना करायचीच तर एकाच कंपनीच्या, एकाच टेपरच्या (म्हणजे जाडी सारख्याच पद्धतीने कमी-जास्त होणाऱ्या) गुळगुळीत आणि खरखरीत लाइनची करा. महागड्या लाइनचा निसरडेपणा बऱ्याच अंशी थरात मिसळलेल्या द्रव्यांमुळे असतो, आणि तो गुळगुळीत रूपात थोड्या कमी पैशात मिळतो.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे. आता तिथे असं आहे: ‘होडीतून पंधरा मीटरच्या पुढे नियमित फेक जात असेल, जवळ कालवांचे खडक नसतील आणि प्रत्येक दोन दिवसांनी लाइन धुण्याची तयारी असेल, तर ट्रॉपिकल गाभ्याची टेक्श्चर्ड लाइन घ्या. नाहीतर योग्य वजनाची ट्रॉपिकल गुळगुळीत लाइन घ्या.’ तुमच्या चार साध्या लाइनपैकी एकीचं वजन करून आकडा इथे लिहिलात, तर तिच्यावर कोणत्या नंबरचा रॉड बसेल ते सांगतो.