घरून काम म्हणजे पगारी सुट्टी? मुळीच नाही

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय: 'घरून काम म्हणजे पगारी सुट्टी. साहेब समोर नसला की माणूस काम टाळतो, नवी मुलं काही शिकत नाहीत, आणि बायकांना मुलं सांभाळता येतात म्हणून त्यांना ते हवं असतं.' त्यावर माना डोलावणारे पुष्कळ आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'साहेब समोर नसला की माणूस काम टाळतो.' हे प्रत्यक्ष तपासून झालंय. चीनमधल्या सीट्रिप कंपनीने 2010 च्या अखेरीस कॉल सेंटरमधल्या इच्छुकांना जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गटांत विभागलं. एक गट नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होता, दुसरा ऑफिसातून. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा घरच्या गटाचं काम 13 टक्क्यांनी जास्त भरलं. त्यातला मोठा वाटा कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीचा होता. नोकरी सोडण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं.

याच्या उलट दाखला देणारे आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीचा अभ्यास पुढे करतात. महासाथीत तिथे दर तासाचं काम खरंच घटलं. पण का, तेही वाचायला हवं. लोक आधीपेक्षा जास्त तास बसत होते; मीटिंगा वाढल्या आणि सलग कामाला वेळ उरला नाही. याला कामचुकारपणा कसं म्हणायचं? हा आखणीचा दोष आहे, आणि तो वरच्यांनी निस्तरायचा आहे.

'नवी मुलं शिकत नाहीत.' हा मुद्दा मला बराचसा पटतो. सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या एका अभ्यासात ज्यांची टीम एकाच इमारतीत बसत होती, त्यांना आपल्या कोडवर 22 टक्के जास्त सूचना मिळाल्या. नवख्याला घरून शंका विचारायची तर आधी मेसेज लिहावा लागतो, आणि संकोचाने तो लिहिलाच जात नाही. एकटेपणाही खरा आहे. सीट्रिपमध्ये पुढे निवडीची मोकळीक दिल्यावर बरेच जण आपणहून ऑफिसात परतले.

पण म्हणून पाचही दिवस सक्ती कशाला? त्याच कंपनीने (आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम) नंतर सोळाशेहून जास्त कर्मचाऱ्यांवर दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिसातून असा प्रयोग केला. राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही.

'बायकांना मुलं सांभाळता येतात.' याची मला चीड येते. लहान मूल सांभाळणं हे पूर्णवेळ काम आहे. ते आणि नोकरी एकाच वेळी एकाच बाईवर टाकायचं आणि त्याला सोय म्हणायचं, हा अन्याय आहे. शिवाय सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगात, तितकंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी होती. बायकाच जास्त दिवस घरी राहिल्या, तर हे नुकसानही त्यांच्याच वाट्याला येणार.

राहिली 'पगारी सुट्टी'. वीज, इंटरनेट, खुर्ची बहुतेकदा कर्मचाऱ्याच्या खिशातून, आणि रात्री नऊलाही फोन. पोर्तुगालने 2021 मध्ये कायदा करून कामाच्या वेळेनंतर संपर्क करायला कंपन्यांना मनाई केली आणि घरून काम करताना वाढलेला वीज-इंटरनेटचा खर्चही त्यांच्यावर टाकला. संदेश पुढे पाठवणाऱ्या व्यवस्थापकांनी आपल्या टीमसाठी यातलं काय केलंय, ते सांगावं.